काडी, कौल आणि करिअर : देवाच्या शब्दाचा बाजार

#धागा

माझगावच्या चिनी देवळावर लिहिलेल्या मागच्या धाग्याला प्रतिसाद भरपूर आला, पण त्यातला बराचसा इतिहासाविषयी नव्हता. "नोकरीसाठी कोणत्या क्रमांकाची काडी शुभ?" "दोन ऑफर हातात आहेत, काडी काढून ठरवले तर चालेल का?" एकाने तर अंधेरीतल्या कुणाची जाहिरात पाठवली: चिनी भाग्यकाड्यांद्वारे करिअर मार्गदर्शन, व्हिडिओ कॉलवर, शुल्क आगाऊ. सोबत विचारणा : "हे ऑथेंटिक आहे का?"

म्हणून हा दुसरा धागा. तो चिडून लिहिला आहे, हे आधीच कबूल करतो. मात्र राग काड्यांवर नाही, आजीच्या श्रद्धेवर तर मुळीच नाही. तो कशावर आहे हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

प्रथम ते देऊळ. हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नवाब टँक रोडच्या परिसरात, १९१९ साली उभी राहिलेली एक लहानशी दुमजली वास्तू आहे. नाव 'सी यूप कून'. सी यूप म्हणजे चार परगणे, दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले. कून म्हणजे सभागृह, जातभाईंचा अड्डा. गोदीत, जहाजांवर, सुतारकामावर आलेल्या माणसांनी आपल्या गावकीसाठी बांधलेली ही जागा. वरच्या मजल्यावर क्वान ताय अर्थात सेनानी क्वान यू. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला हा योद्धा पुढे देव झाला तो पराक्रमापेक्षा शब्द पाळण्याबद्दल. शपथेचा, भागीदारीचा, बंधुत्वाचा हा देव. परक्या बंदरात उतरलेल्या माणसाला यापेक्षा उपयोगी दैवत कोणते?

याच चार परगण्यांतली माणसे कॅलिफोर्नियात गेली, मलायात गेली, मेलबर्नला गेली. मेलबर्नमध्येही सी यूप नावाचे देऊळ आहे, १८६६ सालचे. दर ठिकाणी देवाबरोबर काड्यांचे नळकांडे गेले.

आता ती काडी काढतात कशी, ते नीट पाहू. जाहिरातीत नेमके हेच गाळलेले असते.

बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या काड्या असतात. पुष्कळ देवळांत शंभर, काही ठिकाणी साठ किंवा शहाण्णव. गुडघे टेकायचे, मनातला प्रश्न सांगायचा, नळकांडे तिरके धरून हलवत राहायचे. एक काडी इतरांपुढे सरकते आणि जमिनीवर पडते. क्रमांक पाहून त्या क्रमांकाची पत्रिका घ्यायची. तिच्यावर चार ओळींचे पद्य आणि बहुधा जुन्या इतिहासातल्या एखाद्या प्रसंगाचा उल्लेख असतो.

पण काडी पडली म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. ते देवाला मान्य आहे का, हे पुन्हा विचारायचे असते. त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. दोन्ही मिळून टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला. तुमचा प्रश्नच धड नाही, किंवा उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. अनेक ठिकाणी सलग तीन होकार आल्याशिवाय काडी ग्राह्य धरत नाहीत.

गणित करून पाहा. तुकडे निष्पक्ष पडतात असे मानले तर एका फेकीत होकाराची शक्यता निम्मी. सलग तीन होकारांची एक अष्टमांश. म्हणजे काढलेल्या आठ काड्यांपैकी सात देव परत पाठवणार! ज्या पद्धतीच्या रचनेतच उत्तर नाकारले जाण्याची एवढी सोय आहे, ती 'अचूक भाकितासाठी' घडवलेली नाही, हे उघड आहे. ती माणसाला प्रश्नाशी थांबवून ठेवण्यासाठी घडवली आहे. काडी परत टाका, प्रश्न पुन्हा मांडा, या वेळी जरा नीट मांडा. व्हिडिओ कॉलवर हा भाग होत नाही. ताशी शुल्क घेणाऱ्याला आठांपैकी सात उत्तरे परत पाठवणे परवडणार कसे?

पत्रिकांमध्ये करिअर नसते का? असते. 'नाव आणि पदवी' असा स्वतंत्र रकाना असतो. त्याच्या शेजारी खटला, विवाह, आजार, प्रवासाला गेलेला माणूस, धन. हा पहिला रकाना कोणासाठी होता? सरकारी परीक्षेला बसणाऱ्यासाठी. चीनमध्ये शतकानुशतके प्रतिष्ठेचा मार्ग एकच होता : जिल्ह्याची, मग प्रांताची, मग राजधानीची परीक्षा. प्रांतिक परीक्षेत शंभरांतून एखादा उत्तीर्ण व्हायचा. क्वांगतुंगमधलाच हुंग श्यूछ्वान परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, त्याला दृष्टान्त झाले, आणि त्याने पुकारलेल्या ताइपिंग बंडात (१८५० ते १८६४) कोट्यवधी माणसे मेली. परीक्षेच्या निकालाचे ओझे केवढे असते, याचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या नापासांच्या देशात पत्रिका काय सांगत? सू छिनची गोष्ट पुष्कळ ठिकाणी आढळते. नशीब काढायला गेलेला हा माणूस रिकाम्या हाताने घरी परतला, तेव्हा वहिनीने त्याच्यासाठी चूलही पेटवली नाही. तो पुन्हा अभ्यासाला बसला आणि पुढे सहा राज्यांच्या मुद्रा बाळगणारा मुत्सद्दी झाला. दुसरी गोष्ट चियांग ताइकुंगची, जो म्हातारपणापर्यंत नदीकाठी गळ टाकून बसला होता आणि तिथेच त्याला राजा भेटला. यात 'तू डेटा सायन्स घे' असे काही नाही. 'तुझ्याआधीही हे लोकांच्या वाट्याला आले आहे' एवढेच आहे. आणि १९०५ मध्ये ती परीक्षाच रद्द झाली. ज्या सोपानाच्या पायऱ्यांवर तो रकाना बेतला होता तो मोडून शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज तोच रकाना उलगडून अंधेरीच्या मुलीला स्टार्टअपमध्ये जावे की बँकेत, हे सांगणारा माणूस एक तर तो वाचू शकत नाही, किंवा वाचून खोटे बोलतो.

इथे नेहमीचे दोन पक्ष येतील, म्हणून त्यांच्याशी आधीच बोलून घेतो.

पहिला पक्ष : "हे सगळे मुळात आपलेच, चिन्यांनी उचलले." अर्धवट माहितीचा हा गोड प्रकार आहे. शकुनविद्येची भारतातून मध्य आशियाकडे ये-जा होती, यात शंका नाही. १८९० साली कुचा येथे हाती लागलेल्या 'बॉवर हस्तलिखिता'त फाशांवरून भविष्य पाहण्याच्या दोन संस्कृत पोथ्या आहेत. चार बाजूंचा फासा, तीनदा टाकायचा, चौसष्ट शक्यता, प्रत्येकीला उत्तर. पण चीनमध्ये हाडे तापवून त्यांवरच्या भेगा वाचण्याची परंपरा त्याच्या दीड हजार वर्षांहून अधिक आधीची आहे. कोणी कोणाकडून शिकण्यासाठी अडून बसले नव्हते.

खरी गंमत पुढे आहे. पाचव्या शतकात चीनमध्ये रचल्या गेलेल्या एका बौद्ध ग्रंथात शंभर पद्यांची चिठ्ठी-पद्धत सांगितली आहे, आणि ती पद्ये ब्रह्मदेवाची म्हणून सांगितली आहेत! रचना चिनी, शिक्का भारतीय. परदेशी देवाच्या नावाने माल अधिक वजनदार वाटतो, हे तेव्हाच्या भिक्षूंना कळत होते. आज अंधेरीत शिक्का चिनी आहे आणि दुकान आपले. दीड हजार वर्षांत दिशा तेवढी बदलली.

दुसरा पक्ष : "सगळी अंधश्रद्धा, बाप-आजे मूर्ख होते." या पक्षाशी माझे भांडण अधिक जवळचे आहे, कारण मी बराच काळ त्यात होतो. त्यासाठी माझगाव सोडून कोकणात जावे लागेल.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथल्या ज्या घरांची मुळे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आहेत, त्यांना 'कौल' सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात : गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर ओल्या पाकळ्या, कळे किंवा तांदळाचे दाणे ठरलेल्या जागी चिकटवतो. गाऱ्हाणे घातले जाते, उपस्थित 'व्हय म्हाराजा' म्हणतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर उजवा कौल, होकार. डावीकडचा पडला तर नकार. गोव्यात यालाच प्रसाद-पाकळी म्हणतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरावीक तिथी नसते. दरवर्षी देवीच्या कौलाने दिवस ठरतो आणि मग मुंबईहून गाड्या भरून लोक निघतात.

आता 'कौल' हा शब्द पाहा. तो अरबी आहे. 'क़ौल' म्हणजे उच्चारलेला शब्द, वचन. फारसी दफ्तरांतून तो मराठीत रुजला. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत कौल म्हणजे सरकारने दिलेली हमी. युद्धाने किंवा दुष्काळाने उजाड झालेल्या गावात रयत परत यावी म्हणून 'कौलनामा' देत. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली काही वर्षे सारा कमी, मग पायरीपायरीने वाढवत पूर्ण दर. त्याला इस्ताव्याचा कौल म्हणत. कौल हा करार होता. दोन्ही बाजू त्याने बांधल्या जात.

तोच शब्द देवाच्या तोंडी गेला, आणि त्याचा अर्थही त्याच्याबरोबर गेला, असे मी म्हणतो. 'देवाने कौल दिला' यात देवाने भविष्य पाहिले असे नाही. देवाने शब्द दिला, आता आपण सारे त्याने बांधले गेलो, असे आहे. (शुद्ध, अस्पर्श, प्राचीन परंपरेच्या अभिमान्यांनी हा अरबी शब्द गाभाऱ्यात कसा पोचला यावर एकदा शांतपणे विचार करावा.)

हे मला पुस्तकातून कळले नाही. आमचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि संप संपल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही. दुसऱ्या वर्षी घरात पैसा उरला नव्हता. प्रश्न असा पडला की गावची काजूची बाग विकून उपनगरात खोली घ्यावी, की बाग ठेवून सर्वांनी गावी परतावे. भाऊ चौघे. दोघे विकण्याच्या बाजूचे, दोघे विरुद्ध, आणि बोलणे एकमेकांच्या बायकांच्या माहेरापर्यंत पोचलेले. मग गावी जाऊन कौल लावला. डावा पडला. बाग राहिली.

आमच्या घरात ही गोष्ट चाळीस वर्षे 'देवाने वाचवले' अशी सांगितली गेली. मी कॉलेजात असताना ती 'आजोबांनी फुलाच्या पाकळीवर संसार टांगला' अशी सांगू लागलो. दोन्ही चूक होते, हे धाकट्या आजीने एका वाक्यात दाखवले : "अरे, बाग राहिली त्याचं काय, चौघे एका पंगतीत जेवायला बसले ना त्या रात्री!"

दोन मते इकडे, दोन तिकडे. कोणीही माघार घेतली असती तर तो आयुष्यभर हरलेला भाऊ ठरला असता. देवापुढे चौघेही सारखेच हरले, म्हणून कोणीच हरले नाही. कौलाने बागेचे भवितव्य सांगितले नव्हते. काजूला पुढे भाव आला हे खरे, पण आला नसता तरी त्या रात्रीची पंगत खोटी ठरली नसती.

लक्षात घ्या, यात काय काय होते. प्रश्न दोनच उत्तरांचा होता आणि दोन्ही उत्तरे आधी पुरती घासून झाली होती. ज्यांच्यावर परिणाम होणार ते सगळे हजर होते. पाकळी सर्वांच्या डोळ्यांसमोर पडली. निकाल विकून कोणाचे घर चालणार नव्हते. आणि निकाल मानण्याची जबाबदारी विचारणाऱ्यांनी आधीच घेतली होती.

याला मी उगाच सोन्याचा मुलामा देणार नाही. गाऱ्हाणे कोणी घालावे, पहिला मान कोणाचा, यावरून बारा-पाचांच्या मानकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले आहेत. देवळाच्या पायरीबाहेर ज्यांना उभे केले जाई त्यांच्या वतीने कोणी कौल मागत नसे. आजीचे मत त्या चौघांत मोजलेले नव्हते, तेही लिहून ठेवतो. आणि याच समाजात देवाचा शब्द काढून घेण्याची दुसरी, क्रूर रीत होती : वतनाच्या तंट्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावणारे 'रवा दिव्य'. हात बांधून मोहोर करायची आणि दिवसांनी सोडून पाहायचे, भाजला की नाही. न्यायसभांच्या कागदांत हे नोंदलेले आहे. देवाला विचारणे म्हणजे आपोआप सौम्य, शहाणे काही, असा समज नको.

तरीही, चिठ्ठी टाकून अडलेला निर्णय सोडवणे ही मागासांची रीत म्हणून हसणाऱ्यांनी आजची मुंबई पाहावी. म्हाडाची घरे सोडतीने मिळतात. गिरणी कामगारांच्या घरांची सोडतही २०१२ मध्ये निघाली. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांवरचे प्रवेश सोडतीने होतात. महापालिकेच्या प्रभागांचे आरक्षण शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढून ठरते. आणि २०१७ च्या पालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना समसमान मते पडली, तेव्हा चिठ्ठी काढली गेली आणि शहा निवडून आले. वर्तमानपत्रांचा आवडता शब्द 'जनतेचा कौल', तोच दोन्ही बाजूंना सारखा पडला, म्हणून पुन्हा मुळातल्या कौलाकडे जावे लागले. त्या चिठ्ठीने 'शहा अधिक चांगले नगरसेवक ठरतील' असे भाकीत केले, असे कोणीही म्हटले नाही.

सगळा फरक इथे आहे. सोडत म्हणते : आम्हाला कळत नाही, दोघांचा हक्क सारखा आहे, म्हणून नशिबावर सोडतो. भाकीत म्हणते : मला कळते. पहिल्यात नम्रता आहे, दुसऱ्यात दावा. आणि दावा केला की तो तपासता येतो.

तपासलाही आहे, आपल्याच महाराष्ट्रात. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना आवाहन केले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या; त्याने मूल कोणत्या गटातले एवढेच सांगायचे. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. हे निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाची बुद्धी कशी, हा करिअरच्या प्रश्नाचा पहिला पाया. तोच ज्यांना नाण्याइतकाही सांगता आला नाही, ते पुढचे काय सांगणार?

"पण हाँगकाँगचे काय?" हा प्रश्न येणारच, कारण त्याची रील फिरते आहे. तिथे शा टिनच्या छे कुंग देवळात दर चिनी नववर्षाला शहरासाठी काडी काढतात. २००३ मध्ये गृहव्यवहार सचिवांच्या हाती ८३ क्रमांकाची, सर्वांत वाईट प्रतीची काडी आली, आणि काही आठवड्यांत सार्सची साथ पसरून शहरात २९९ माणसे दगावली. अंगावर काटा येतो, मान्य. पण त्या नळकांड्यात काड्या ९६, आणि त्यांतल्या अशुभ १७. म्हणजे सरासरी दर पाच-सहा वर्षांनी एक अशुभ काडी निघणारच, आणि हाँगकाँगसारख्या शहरात दर पाच-सहा वर्षांनी काही ना काही वाईट घडणारच. शिवाय सार्स शेजारच्या क्वांगतुंगमध्ये नोव्हेंबर २००२ पासूनच होता. २००९ ला पुन्हा अशुभ काडी आली, तेव्हा जागतिक मंदी सुरू होऊन महिने झाले होते. देवाने बातमी दिली ती वर्तमानपत्रानंतर.

उलट बाजूही विचारा. १९६२ मध्ये युद्ध झाले. आसाम-बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, लहान मुलांसकट, राजस्थानात देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले. मुंबईतल्या चिन्यांवर नोंदणीची, हालचालींवरच्या बंधनांची वेळ आली; कुटुंबेच्या कुटुंबे देश सोडून गेली. माझगावची ती वास्तू आज बहुतेक दिवस निर्मनुष्य असते त्याचे हे एक मोठे कारण. नळकांड्यातल्या काड्या तेव्हाही तेवढ्याच होत्या. 'तुमचे शेजारीच तुम्हाला परके ठरवतील' अशी पत्रिका त्या संचात नव्हती, असणेही शक्य नव्हते. पद्ये कित्येक शतके आधीच लिहून झाली होती. त्या लोकांनी देवाला दोष दिला नाही, कारण देवाकडून त्यांची अपेक्षा वेगळी होती. बातमीसाठी नव्हे, उभे राहण्यासाठी ते जिना चढत होते.

आता माझ्या रागाचा पत्ता सांगतो. कौलातून आणि काडीतून समाज, साक्षीदार, बंधन, देवाचे हसणे, सगळे काढून घ्यायचे. उरलेला दैवी शिक्का एकट्या, घाबरलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला पैसे घेऊन विकायचा. आणि त्याला 'मार्गदर्शन' म्हणायचे. राग या धंद्यावर आहे. आणि तो एकट्या चिनी काडीचा नाही. हाच माल उपनगरांत 'वैज्ञानिक' वेष्टनातही मिळतो : मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याने विज्ञान शाखा घ्यावी की कला, हे सांगणारी 'डीएमआयटी' चाचणी. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तिला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे, तरी दहावीच्या निकालानंतर तिचे फलक लागतात. बोटांच्या ठशांवरून माणूस कोण हे सांगता येते. ती पद्धत उभी करण्यात कलकत्त्याच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. माणूस काय होईल, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

आणि कायद्याकडे फार आशेने पाहू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथांसाठी आहे. ज्योतिष त्याच्या कक्षेत नाही. स्थानकाबाहेर पिंजऱ्यात पोपट घेऊन बसलेला माणूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पकडला जाऊ शकतो, तो पोपट बाळगल्याबद्दल. पाकिटातून तुमचे भविष्य काढल्याबद्दल नाही.

या धंद्याने नुकसान होते ते पैशाचे कमी. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला अकरावीच्या प्रवेशाआधी अशाच एका 'तज्ज्ञा'ने सांगितले की गणित तिच्या वाट्याला नाही. तिला गणितात बरे गुण होते. घरच्यांनी तो अहवाल गुणपत्रिकेच्या वर ठेवला. आमच्या आजोबांच्या कौलात आणि या अहवालात फरक हा की तिथे आधी दोन्ही वाटा तोलल्या होत्या आणि मग पाकळी पडली. इथे पाकळी आधी पडली आणि वाट तोलायचीच राहून गेली. शिवाय तिथे चार माणसांचा अहंकार एका दगडापुढे खाली आला. इथे एका मुलीचा आत्मविश्वास.

तर ज्या मित्राने दोन ऑफरविषयी विचारले होते, त्याला उत्तर. दोन्ही नोकऱ्यांचे पगार, प्रवास, कामाचे तास, तीन वर्षांनंतरची जागा, वरिष्ठ कसे आहेत, हे सगळे कागदावर मांडा. जे तिथे काम करतात त्यांच्याशी बोला. घाटकोपरहून रोज ठाण्याला जायचे की नरिमन पॉइंटला, याचे उत्तर क्वान यूकडे नाही, मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. सगळे मांडूनही पारडी समान राहिली, तर नाणे उडवा, कौल लावा, काडी काढा, काहीही करा. तेव्हा ते गैर नाही. आणि नाणे हवेत असताना मनात कोणती बाजू यावीशी वाटते तिकडे लक्ष ठेवा. चिन्यांनी त्या क्षणासाठी देवाला हसण्याची मुभा ठेवली आहे.

माझगावला मात्र जरूर जा. कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरा. जिना अरुंद आहे, आवाज कमी ठेवा. ते कोणाचे तरी राखलेले देऊळ आहे, रीलची पार्श्वभूमी नाही. काड्यांचे नळकांडे दिसेल. ते हातात घ्यायचे की नाही, हे तिथे देखरेखीला असणाऱ्यांना विचारून ठरवा. पुढच्या धाग्यात अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीविषयी लिहितो. तिथल्या दगडांवर याच चार परगण्यांची नावे आहेत.